तळ्याला दोर बांध म्हटलं होतं

दिन्या, तुझ्या चपला अजून ओटीवर आहेत. तळ्याच्या काठावरून अमोलने त्या उचलून आणल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. तेव्हापासून घरातलं कुणी त्यांच्याकडे बघत नाही आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडेच बघतो. त्या चपलांनी तुझ्यामागे काय घोळ घातला ते तुला सांगायचंय. तू जाऊन पुरता पंधरवडा होत नाही तोच मी तुझ्याशी भांडायला बसले, याचं तुला नवल वाटायचं नाही. तुझी थोरली बहीण आहे मी. जन्मभर तुला रागावत आले, तू गेलास म्हणून सवय थोडीच जाते.

झालं ते एवढंच. मोटर पाणी ओढत नव्हती, म्हणून सकाळी तू शेततळ्यावर गेलास, पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करायला. दुपारी जेवायला आला नाहीस म्हणून तुझी सुमन बघायला गेली. तिला काठावर चपला दिसल्या, चपलांत तुझा मोबाईल आणि घड्याळ दिसलं. मग तू दिसलास. मला कर्जतला फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. अमोल म्हणाला, "आत्या, बाबा तळ्यात बुडाले." मी विचारलं, "कुणाचे बाबा?" खरंच विचारलं. तुझ्या पोराचा आवाज ओळखून विचारलं. तू आणि बुडणं, हे माझ्या डोक्यात एकत्र बसेचना.

कसं बसणार? तुला पोहायला शिकवलं मी. आई पाताळगंगेवर धुणं घेऊन जायची, आपण दोघं मागे. मी तुझ्या पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधायची आणि तू डोळे मिटून असे हातपाय झाडायचास, की आई म्हणायची, "अगं काड त्याला भायेर, सगलं पानी घान केलान." एक दिवस मी डबा बांधलाच नाही. नुसती दोरीची गाठ मारली आणि म्हटलं, जा, बांधलाय. तू थेट पलीकडच्या खडकापर्यंत गेलास, वर चढलास, पाठीला हात लावून बघितलंस आणि तिथून मला ज्या शिव्या घातल्यास, त्या ऐकून आई धुणं टाकून तुला मारायला उठली. मारता येईना, कारण तू पलीकडे आणि ती अलीकडे. तुला तेव्हा कळलं की पोहता येण्याचा काय फायदा असतो. त्यानंतर तुला पाण्यातून बाहेर काढणं हेच माझं काम झालं.

आपली नदी उन्हाळ्यातही वाहते ती वर खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सुटलं की बघता बघता खडक झाकले जातात. पायाला पाणी एकदम गार लागलं की आधी बाहेर यायचं, मग विचारायचं, हा आईचा नियम. आणि दुसरा नियम, पाण्याला चपलेचा पाय लावायचा नाही. काठावर चपला काढायच्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, मग उतरायचं. आपल्या गावात हे कुणी शिकवत नाही. सगळे करतात म्हणून पोरं करतात. मी मास्तरीण झाले, कर्जतला राहायला गेले, माझी ही सवय कधी सुटली ते मलाच कळलं नाही. तुझी सुटली नाही.

तुला आठवतं का ते चौक गावच्या फार्महाऊसवरचं लग्न? निळ्या फरशीचा स्विमिंग पूल, पोरंपोरी धपाधप उड्या मारतायत, आणि आमचे दिनकरराव काठावर जाऊन चपला काढतायत, वाकून त्या औषध टाकलेल्या पाण्याला हात लावून डोळ्यांना लावतायत. डोळे झोंबले म्हणून नंतर तासभर रुमाल धरून बसलास. नवऱ्यामुलाकडची माणसं हसत होती. मीही हसले. तू म्हणालास, "हसा. पानी ते पानी, त्याला काय ठावं का ते टाकीतनं आलंय का नदीतनं?" मी म्हटलं, "त्याला ठाऊक नाही, पण तुझ्या डोळ्यांना झालं ना ठाऊक." त्यावर सुमन इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला तसं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

कंपनीतून रिटायर झाल्यावर तू ते तळं खोदून घेतलंस. आधी मला वाटलं, चांगलं आहे, माणूस कामात राहील. भात निघाल्यावर ओसाड पडणारी जमीन थंडीत हिरवी दिसायला लागली. वाल, काकडी, मुळा. तळ्यात मासे सोडलेस आणि रोज सकाळी त्यांना भाकरीचे तुकडे टाकायला लागलास. सुमन म्हणायची, नातीला विचारत नाहीत इतकं माशांना विचारतात. वालाच्या शेंगा भरल्या की त्या पाल्यात भाजायला पोपटीचं मडकं लागायचं आणि तुझा फोन यायचा, "ताये, ये गं, भांबुर्ड्याचा पाला आनलाय." मी यायची. शेंगा आवडतात म्हणून येते असं तुला वाटायचं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. वास्तविक त्या शेंगांनी माझं पोट दुखतं. मी तुला बघायला यायची, रे. मडक्याभोवती पोरांना दम देत, धुरात डोळे चोळत, उगाच सगळ्यांना हुकूम सोडत फिरणारा तू मला फार आवडायचास. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही, आणि आता पद्धतीचं काय करायचं?

पण ते तळं मला पहिल्यापासून आवडलं नाही. चारी बाजूंनी उतार, उतारावर काळी प्लॅस्टिकची पन्नी, आणि पाण्याच्या कडेला पन्नीवर शेवाळ धरलेलं. एकदा पाय धुवायला म्हणून मी दोन पावलं उतरले आणि बसल्या बसल्या घसरत गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. तू माझी वेणी धरलीस. दंड नाही, हात नाही, वेणी. मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. नदीला काठ असतो, दिन्या. रेती असते, खडक असतो, करंजाचं मूळ असतं, काहीतरी हाताला लागतं. आपण पोहायला शिकलो, पण बाहेर यायला शिकावं लागलं नाही, कारण ते नदीच करून द्यायची. तुझ्या तळ्यात दोन पुरुष पाणी होतं आणि धरायला काही नव्हतं.

मग तो कुत्रा पडला. तुझा वाघ्या. पावसाळा नुकता सरला होता आणि मी आलेच होते. तो बिचारा गोल गोल पोहत होता. दर वेळी पुढचे पाय पन्नीवर टाकायचा, नखं खरडायची, आणि पुन्हा पाण्यात. तू पोटावर आडवा झालास, सुमनने तुझे पाय धरले, मी तिला धरलं, आणि त्याचं मानगूट धरून तू त्याला वर ओढलंस. तो वर येऊन थरथर कापत उभा राहिला आणि तू त्याला समजावत होतास, "काय रं, आंगोळीला गेलतास काय?" मी तिथंच म्हटलं, "दिन्या, तळ्याला दोर बांध. चारी बाजूंनी. गाठी मारून आत सोडून ठेव." तू म्हणालास, "कशाला गं?" मी म्हटलं, "कुत्रा तुझ्यापेक्षा चांगला पोहतो." तू हसलास. म्हणालास, "ताये, कुत्र्याला हात नसतात गं." मी म्हटलं, "तुला आहेत ना? त्या हातांनी काय धरशील, पन्नी?" ते भांडण तिथंच राहिलं. आपण जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी तू काय केलंस? कुत्रा पुन्हा पडू नये म्हणून त्या बाजूला काट्यांचं कुंपण घातलंस. कुत्र्यासाठी. मी कर्जतच्या बाजारातून नायलॉनचा जाड दोर घेऊन तुझ्याकडे पोचवला, तर त्याचा तू आंब्याला झोका बांधलास, अमोलच्या मुलीसाठी. फोनवर मला कौतुकाने सांगतोस, "काय मजबूत दोर दिलास ताये, दोघं बसलं तरी तुटत नाय." मी फोन आपटला. परत केला तेव्हा म्हणालास, "बांधतो गं, मार्गेसर सरू दे." मार्गेसर सरला. तू मला पौष दाखवलास. आता माघ येईल.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा दर पावसाळ्याआधी पोरांना रांगेत उभं करून सांगायची, नदीवर जाऊ नका, धबधब्याखाली जाऊ नका. तेच सांगायला सांगितलेलं असायचं. मुंबईहून सहलीला आलेलं कुणी बुडालं की पेपरात फोटोसकट यायचं, आणि खरंच वाईट वाटायचं. तूही एकाला झेनिथच्या धबधब्यापुढच्या वळणावर ओढून काढला होतास, आधी थोबाडीत मारलीस आणि मग वडापाव खाऊ घातलास. पण आपली माणसं अशी मौजेला जाऊन बुडत नाहीत. ती म्हैस धुताना बुडतात. ओढ्याचं पाणी मोरीवरून चाललेलं असताना कामावर जायचं असतं म्हणून बुडतात. कपडे धुताना वाहून चाललेला परकर धरायला जाऊन बुडतात. मोटरीची जाळी साफ करताना बुडतात. रोज ज्या पाण्याशी काम, त्या पाण्याची भीती कोण बाळगणार? आणि ज्यांना पोहता येतं ते तर मुळीच बाळगत नाहीत.

आता चपलांचं सांगते. तुला नेलं त्याच दिवशी कुजबुज सुरू झाली होती. पोलिसांनी पंचनामा केला, पाय घसरून बुडाला असं लिहिलं, पण गावाला पोलिसांच्या लिहिण्याशी काय करायचंय? दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा पहिल्या हाकेला येऊन शिवला. मला त्याही वेळी मनात हसू आलं. जेवणासाठी तू कधी कुणाला थांबवून ठेवलंयस? पण आपला नामाकाका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याने तुला कडेवर खेळवला, तो मागून म्हणतो, "बगा, कायेक इच्छा उरली नव्हती. म्हंजे ठरवूनच गेला." आणि कावळा शिवला नसता तर? तर म्हणाला असता, बगा, मनात काहीतरी होतं. मी मागे वळून बघितलं. तो म्हणाला, "माजं सोड, पन पवनारा मानूस तळ्यात मरतो का कवा? चपला नीट काडून ठेवलेल्या. मोबाईल काडून ठेवलेला. काय ते समजा."

मी तिथंच त्याची शोभा केली असती. पण सुमनकडे लक्ष गेलं. ती ऐकत होती आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. मान हलवत होती ती, हळूहळू, जणू तिला ठाऊक असलेलंच कुणीतरी बोलत होतं. ती तोवर रडली नव्हती, दिन्या. बायकांनी गळ्यात पडून रडवायचा प्रयत्न केला, तरी नाही. जेवतही नव्हती, ताटात हात फिरवून उठायची.

घरी आल्यावर मी तिला मागच्या पडवीत घेऊन बसले. म्हटलं, "सुमन, बोल." ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, मीच घालवलं त्यांना." आदल्या दिवशी तिच्या माहेरी बारसं होतं. ती नेसून, गजरा माळून ओटीवर बसलेली, आणि तू तळ्यावर मोटरीशी झटतोयस. संध्याकाळ झाली तेव्हा चिखलाने भरलेला येतोस आणि विचारतोस, "कुटं जायचंय?" तेव्हा तिने तोंड सोडलं. "मी म्हनाले, तुमचा जीव त्या तळ्यातच हाय ना, मग जावा, तितंच जाऊन पडा. ते काय बोलले नाय. जेवले नि झोपले. आन सकाली तितंच जाऊन…"

मी तिला सांगितलं, नवराबायकोत असं हजारदा होतं. सांगितलं की दिन्या तसला नव्हता, बोलणं त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून जायचं, तुझंच काय, माझंही. सांगितलं की चपला तो नेहमीच काढायचा, तुलाही ठाऊक आहे. ती "हो" म्हणाली. प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, "पन वन्सं, त्यांना पवता येत होतं." मग मला कळलं की इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून शिकवलं तरी हे मला बोलून समजावता येणार नाही. चपलांचं मी सांगू शकत होते. पण तुझ्यासारखा पोहणारा माणूस साध्या तळ्यातून बाहेर येऊ शकला नाही, हे ती डोळ्यांनी बघेपर्यंत मानणार नव्हती. आणि ती मानली नाही, तर उरलेलं आयुष्य ती ते एक वाक्य घेऊन बसणार होती.

म्हणून मी अमोलला म्हटलं, उद्या सकाळी ट्रॅक्टरचा दोर घेऊन तळ्यावर चल, मी उतरणार आहे. तो म्हणाला, "आत्या, तू येडी झालीस काय? या वयात?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला पोहायला मी शिकवलंय. दोर आण." नामाकाकालाही निरोप पाठवला. म्हटलं, तुम्ही पाहिजेच.

सकाळी गेलो. मी फिरायला जाताना घालते तो पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला बांधलेली. तू बघितलं असतंस तर गडाबडा लोळला असतास. अमोलने काखेतून दोर घेऊन पाठीवर गाठ मारली, दुसरं टोक ट्रॅक्टरला बांधलं, आणि दोर हातात धरायला त्याचे दोन चुलतभाऊ उभे राहिले. सुमन लांब आंब्याखाली बसली होती, यायलाच तयार नव्हती. नामाकाका काठी टेकत आला. बांधावर चढला, पाण्यापाशी आला आणि दोराला हात लावायच्या आधी काय केलं असेल? चपला काढल्या. खिशातला मोबाईल काढला, चपलेत ठेवला. वाकून पाण्याला हात लावला, डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "काका, तुम्ही चपला का काढल्यात?"

"पान्याशी कोन चपला घालून जातो?" काका म्हणाला.

"आणि मोबाईल?"

"वाकलो का पडतो खिशातनं." एवढं बोलला आणि थांबला. आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग तो हळूच खाली बसला आणि त्याने दोर धरला. मला त्याला आणखी बोलायचं होतं, पण त्याने मान वर केली नाही. तुझ्यावर त्याचाही जीव होताच ना.

मग मीही चपला काढल्या आणि उतरले. उतरले कसली, पहिल्याच पावलाला गेले. पाणी वर कोमट आणि खाली इतकं गार की श्वास अडकला. पण हातपाय विसरले नव्हते. एक फेरी सहज मारली. खोटं कशाला बोलू, मला एक क्षण बरं वाटलं, किती वर्षांनी पाण्यात होते. मग मी म्हटलं, "दोर सैल सोडा. ओढू नका. मी येते वर." आणि काठाला आले.

दिन्या, नाही येता येत रे. तळवा टेकवला की शेवाळावरून मागे येतो. गुडघा टेकवला की गुडघा मागे येतो. बोटं रुतवावीत तर पन्नीत रुतायला काय आहे? थोडं वर सरकावं तर भिजलेले कपडे खाली ओढतात. पोहताना दमले नव्हते ती मी काठाशी दमले. तोंड पाण्याच्या बरोबरीला, माणसं हाताच्या अंतरावर, आणि मी त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हते. पाठीला दोर आहे हे ठाऊक असूनही मला भीती वाटली. फार भीती वाटली. तुझ्या पाठीला तर काहीच नव्हतं. ते मला अंगाने कळलं आणि मी पाण्यात असतानाच रडायला लागले.

तेव्हा मला ते दिसलं. वरून कुणाला दिसलं नव्हतं, कारण वरून बघणाऱ्याला बांधाची कड आड येते. पाण्याच्या रेषेशी शेवाळावर ओरखडे होते. लांब, शेजारी शेजारी, बोटांचे. मी पुढे सरकले, तिथंही होते. मोटरीच्या पाइपापाशी होते, जिथे तू पाइप धरून वर यायला गेला असशील, तो सांध्यातून निखळलेला दिसत होता. पलीकडच्या काठाला होते. आणि कोपऱ्यात तर शेवाळ पुरतं खरवडून निघालं होतं, खालची काळी पन्नी दिसत होती. तू सगळीकडून प्रयत्न केलास. तू शेवटपर्यंत बाहेर यायला बघत होतास.

मी ओरडले, "सुमन, इकडे ये. आधी इकडे ये." ती उठेना. मग मी वर्गात ओरडायची तशी ओरडले, तेव्हा आली. म्हटलं, "आडवी हो. पोटावर. आणि बघ इथे." अमोलने तिचे पाय धरले. ती कडेवरून वाकली, आणि मी पाण्यातून एकेका ठिकाणी बोट लावून तिला दाखवलं. इथे. इथे. हा कोपरा बघ. मरायला गेलेला माणूस असं करतो का गं? ती बघत राहिली. हात लांब करून तिने त्या ओरखड्यांवर स्वतःची बोटं ठेवली, आणि तिचीही बोटं घसरली.

मला वर ओढून काढायला तिघे लागले. मी बांधावर पडून धापा टाकत होते आणि सुमन उठून उभी राहिली. जन्मात तुझं नाव न घेतलेली बाई, जिने तुला "अहो" शिवाय कधी हाक मारली नाही, ती तळ्याकडे तोंड करून ओरडली, "मूर्ख मानूस! किती येला सांगितलं होतं दोर बांधा म्हनून! वन्संनी हातात आनून दिला, तरी नाय बांधला! कुत्र्याला कुंपन घालता नि सोताला काय नाय?" आणि मग ती खाली बसली आणि रडली. माझ्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून, मोठ्याने, मोकळ्याने रडली. नामाकाका तोंड फिरवून दोर गुंडाळत होता. गुंडाळून झाला तरी गुंडाळत होता.

अमोलने त्याच दिवशी तळ्याला चारी बाजूंनी दोर बांधले, मध्ये मध्ये गाठी मारून. काका दुसऱ्या दिवशी येऊन प्रत्येक गाठ ओढून बघून गेला. सुमन जेवायला लागली आहे. पण तिचा राग अजून गेलेला नाही. भांडी घासताना तुला बोलते, दळण निवडताना तुला बोलते, आणि बारशाला नेलं नाहीत ते अजून माझ्या डोक्यात आहे, असं काल तुझ्या फोटोला सांगत होती. मी आणखी थोडे दिवस इथेच राहीन म्हणते. तिचं ऐकायला कुणीतरी हवं.

दोष तुझा आहे, दिन्या. तिचा नाही, तिच्या बोलण्याचा नाही. सगळा तुझा. तो तू तुझ्याकडे घे आणि तिला मोकळी सोड. हयातभर माझं काही ऐकलं नाहीस. एवढं ऐक.